लिमकरांचा काटा

लिमकर वायरिंगच्या कामाला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येत. पूर्ण बाह्यांचा. मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर, जिथे कांद्याचे ट्रक खाली होण्याची वाट बघत उभे असतात, तिथे त्यांचा गाळा होता. शेजारचे मिस्त्री कोपरापर्यंत काळे झालेले असायचे आणि हे गृहस्थ बँकेत निघाल्यासारखे ट्रकच्या बॉनेटमध्ये वाकलेले. मी एकदा विचारलं, "काका, डाग नाही पडत?"

"पडला तर कळतो," ते म्हणाले. "काळ्या शर्टावर कळत नाही."

गाळ्यावर पाटी नव्हती. पाटी वाचून येणारा माणूस घाईत असतो, असं त्यांचं म्हणणं. ज्याला माहीत आहे तो विचारत विचारत येतो, आणि विचारत येणाऱ्याला थांबायची तयारी असते.

ते मूळचे गाड्यांचे मिस्त्री नव्हते. एका इंजिनच्या कारखान्यात मापन विभागात त्यांची उमेदीची वर्षं गेली. दाब, उष्णता, वेग दाखवणारी सगळी घड्याळं खरी दाखवतात की नाही हे तपासायचं, एवढंच काम. मग देशाचे दरवाजे उघडले, कारखान्यात बाहेरची यंत्रं आली, ती स्वतःच स्वतःला तपासू लागली आणि लिमकरांच्या विभागातल्या अकरा जणांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्याबद्दल ते एकच वाक्य बोलत: "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी." कारखान्यातून त्यांनी आठवण म्हणून मागून आणला तो एक पाऱ्याचा थर्मामीटर. पितळी नळीत घातलेला, शर्टाच्या खिशाला पेनासारखा लावलेला. अनोळखी लोकांना ते डॉक्टर वाटत.

आमची त्यांची ओळख आप्पांच्या गाडीमुळे झाली. आप्पा म्हणजे माझे वडील, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक हिरवी इंग्लिश गाडी होती, माझ्यापेक्षा वयाने मोठी. रस्त्यावर दर महिन्याला नव्या चकचकीत गाड्या येत होत्या आणि आप्पा तिच्या दिव्यांची काच शोधत जुन्या बाजारात फिरत होते. तिचा इंजिनची उष्णता दाखवणारा मीटर जुन्या पद्धतीचा होता. इंजिनपासून मीटरपर्यंत केसासारखी बारीक तांब्याची नळी, आत वायू. ती नळी एका गॅरेजमध्ये तुटली. तसा मीटर कुठेच मिळेना, म्हणून आप्पांनी विजेवर चालणारा मीटर पैदा केला आणि तो बसवायला कुणीतरी लिमकरांचं नाव सांगितलं. मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच लागले होते, शनिवारी सुट्टी असे, म्हणून मी बरोबर गेले.

लिमकरांनी मीटर हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "सर, हा कुठून आणलात?"

"जुन्या बाजारातून."

"आणि सेंडर?"

"तोही तिथूनच. पण दुसऱ्या दुकानातून."

"म्हणजे यांची ओळख नाही," लिमकर म्हणाले. "पत्रिका बघावी लागेल."

सेंडर म्हणजे बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा. तो इंजिनच्या पाण्यात बुडालेला असतो. पाणी तापलं की त्याच्यातून वीज जास्त वाहते आणि डॅशबोर्डवरचा काटा चढतो. वायरिंग म्हणावं तर दोनच वायरी: एक किल्लीच्या स्विचकडून मीटरला, दुसरी मीटरकडून सेंडरला. परतीची वायर नसते. सेंडर ज्या लोखंडात घट्ट बसतो ते लोखंडच परतीचा रस्ता. हे सगळं लिमकरांनी मला समजावून सांगितलं, मी न विचारता. आप्पांच्या गाडीत आणखी एक गंमत निघाली. बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, सगळ्या गाड्यांच्या उलट. लिमकरांना फार आनंद झाला. "डावखुरी आहे," असं म्हणून त्यांनी बॉनेटवर हलकेच हात ठेवला.

पण वायरीला त्यांनी हात लावला नाही. स्टोव्ह पेटवला, पातेल्यात पाणी ठेवलं, सेंडर तारेला बांधून पाण्यात सोडला, शेजारी थर्मामीटर धरला आणि मीटर बॅटरीला जोडून पुढ्यात ठेवला. पारा चढेल तसं एका लांबट वहीत पेन्सिलीने लिहीत गेले: पारा किती, काटा कुठे. वर आमच्या गाडीचा नंबर. तासभर हेच चाललं होतं. पाण्याला आधण आलं तेव्हा आप्पा म्हणाले, "हे झाले शंभर."

"अठ्ठ्याण्णव," लिमकर पाऱ्यावरची नजर न काढता म्हणाले. "शंभर मुंबईला. आपण उंचावर राहतो, सर."

रसायनशास्त्रात हयात गेलेल्या माणसाला हे ऐकून घेणं सोपं नव्हतं. परतताना आप्पा गाडीत बिबवेवाडीपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माणूस बरोबर आहे."

काटा थोडा कमी दाखवत होता. लिमकरांनी मीटरच्या काचेवर, जिथे खरी धोक्याची खूण हवी तिथे, आपल्या मुलीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. मग सेंडर इंजिनला बसवायला घेतला तर त्याचे आटे त्या भोकाला लहान पडले. शेजारच्या लेथवरून भोकात बसेल असा पितळेचा एक बुश, म्हणजे कडं, करून आणला, बुशमध्ये सेंडर बसवला, तर आट्यांतून पाण्याचा थेंब येऊ लागला. दोनदा आवळलं तरी थेंब येतच राहिला. तेव्हा लिमकरांनी खणातून पांढऱ्या टेपचं नवं रीळ काढलं, नळाच्या आट्यांना गुंडाळतात तसली, आणि सेंडरच्या आट्यांना तीन वेढे दिले. थेंब थांबला. इंजिन तापवून पुन्हा पारा आणि काटा ताडून पाहिला. बरोबर. मी ते सगळं उभी राहून बघत होते. त्यात बघून ठेवण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

त्यानंतर ट्रकवाल्यांच्या गर्दीतही लिमकर आम्हाला ओळख देत. मी काय काम करते, हे त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, टेस्टिंग. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधते.

"म्हणजे आपण एकाच खात्यातले," ते म्हणाले. "चूक सापडली की कुणाला सांगता?"

"मॅनेजरला."

"आणि ज्याच्याकडे ती आधीच पोचली आहे, त्याला?"

मी म्हटलं, ते आमच्या हातात नसतं. "हं," एवढंच म्हणून ते वायर सोलत राहिले.

त्यांच्याबरोबर काम करणं कुणाला जमत नसे. 'तात्पुरतं' हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. एका ट्रकवाल्याने "तात्पुरतं जोडून द्या, सोलापूरला जाऊन करून घेतो" म्हटल्यावर, "मग सोलापूरलाच जोडा" म्हणून त्यांनी पक्कड खाली ठेवलेली मी पाहिली आहे. दोन वायरी पिळून जोडलेल्या दिसल्या की ते तो जोड कापून टाकत आणि पुरती नवी वायर ओढत. कुणाबद्दल वाईट बोलत नसत. फार तर, "त्यांना लवकर घरी जायचं असेल," इतकंच.

सात-आठ महिने गेले. एका रविवारी सकाळी आप्पा आपल्या एका मित्राला घेऊन कात्रजच्या जुन्या घाटाने निघाले. अर्ध्या घाटात गाडीला वास यायला लागला. आप्पांनी काट्याकडे पाहिलं. तो मध्यावर होता, ठिपक्यापासून लांब. ते तसेच पुढे गेले. वास वाढला तेव्हा थांबले, बॉनेट उघडलं, पुन्हा खिडकीतून आत वाकून काटा पाहिला आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं.

उकळतं पाणी आणि वाफ उजव्या हातावर आणि मानेवर आली. मित्राने एका टेम्पोला हात करून त्यांना दवाखान्यात नेलं. आप्पा तिथे अकरा दिवस होते. पहिले दोन दिवस येईल त्याला एकच सांगत: "काटा मध्ये होता."

कुणी फारसं मनावर घेतलं नाही. वय झालं की नजरचूक होते, असं डॉक्टरांचं मत पडलं. ज्या गॅरेजमध्ये गाडी ओढून नेली तिथला मेकॅनिक म्हणाला, पाण्याचा पंप गेलाय, एवढ्या जुन्या गाडीचं असंच असतं. मलाही ते पटलं. लिमकरांकडे मी गेले ती एवढ्याचसाठी, की इंजिन खोलायचं होतं आणि त्यांची वायर दुसऱ्या कुणी काढलेली त्यांना आवडली नसती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "काटा मध्ये होता?" असं दोनदा विचारलं. मग गाळ्याचं शटर ओढलं आणि माझ्याबरोबर निघाले. गॅरेजमध्ये त्यांनी मीटरला, वायरीला काही केलं नाही. सरळ सेंडरपाशी गेले. वीज वाहते की नाही ते दाखवणाऱ्या टेस्टरची एक सुई सेंडरला, एक इंजिनला लावून बघितली. पुन्हा लावली. मग सेंडर काढून आटे पाहिले. पांढरी टेप पिवळी पडली होती आणि तिच्याखाली हिरवट गंज धरला होता.

"परतीचा रस्ता मीच बंद केला," ते म्हणाले.

मेकॅनिक म्हणाला, "अहो काका, सगळेच लावतात टेप."

लिमकरांनी सेंडर खिशात घातला.

त्याच संध्याकाळी ते दवाखान्यात आले. पांढरा शर्ट, खिशाला थर्मामीटर, वॉर्डातल्या आयाने त्यांना उठून वाट दिली. खाटेपाशी उभे राहून त्यांनी तो सेंडर आप्पांच्या चादरीवर ठेवला.

"सर, तुम्ही बरोबर पाहिलंत. काटा मध्येच होता. तो खोटं बोलत होता, आणि ते माझ्यामुळे."

"बसा आधी," आप्पा म्हणाले.

"आधी ऐकून घ्या. या टेपमुळे वीज अडते. पहिल्या दिवशी आट्यांनी टेप कापून धातूला धातू टेकत होता, म्हणून परीक्षेत पास झालो. नंतर गंज धरला. पाण्याला उकळी आली तरी काटा अर्ध्यावरच. थेंब थांबवायची मला घाई झाली होती."

"ऐकलं," आप्पा म्हणाले. "हात भाजलाय, कान नाही. बसा."

तेव्हा कुठे लिमकर स्टुलावर बसले. आप्पांनी डाव्या हाताने सेंडर उचलून उलटासुलटा पाहिला. मग विचारलं, "ही टेप आणखी कुणाला लावलीत?"

लिमकरांनी ती लांबट वही पिशवीतून काढली. त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. "तुम्ही धरून सात."

दुसऱ्या दिवसापासून गाळा बंद. वहीत गाडीचे नंबर होते, पत्ते नव्हते. लिमकर स्कूटरवरून शहरभर फिरले. भाजीचा एक टेम्पो यार्डातच सापडला. बिबवेवाडीतली शाळेची व्हॅन त्यांनी शाळा सुटायच्या वेळी फाटकात उभं राहून गाठली. लोकांची उत्तरं एकसारखी होती. चाललंय ना, मग कशाला उघडता? एकाने तर त्यांना ओळखच दिली नाही. लिमकर प्रत्येकाला तेच सांगत, त्याच शब्दांत: माझी चूक झाली आहे, अर्धा तास द्या. एकेक करत आप्पांची धरून सहा गाड्या झाल्या. सातवी लोणी काळभोरला होती आणि तोवर त्यांचा गुडघा सुजला होता. मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेले. हे त्यांना आवडलं नव्हतं, पण इलाज नव्हता.

सातवी गाडी बाळासाहेब नावाच्या गृहस्थांची. त्यांचं थोडं रान रस्त्यालगतच्या प्लॉटांत गेलं होतं आणि त्यानंतर त्यांनी हौसेने एक जुनी उघडी मोटार घेतली होती. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात मांडव होता आणि मोटारीला झेंडूच्या माळा बांधणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी मुलीचं लग्न. नवरा-नवरीची वरात त्याच मोटारीतून निघणार होती.

लिमकरांनी आपलं वाक्य म्हटलं. बाळासाहेबांनी त्यांना खालीवर पाहिलं.

"मिस्त्री, चूक झाली म्हून सांगाया पुण्यास्नं हितवर आलाय?"

"हो."

"अन् खोलायची गाडी? आज?"

"अर्धा तास."

"न्हाई जमायचं. लगीन हाय उद्या. गाडी ब्येस चालतीया. काटा कवा मधल्या रेघंच्या वर गेला न्हाई."

"तेच सांगायला आलो आहे," लिमकर म्हणाले.

बाळासाहेबांना त्यात काहीतरी डाव दिसत होता. पाहुणे जमले. एक जण म्हणाला, पुण्याच्या लोकांचं काही सांगता येत नाही. लिमकर मांडवातल्या एका खुर्चीवर जाऊन बसले आणि सुजलेला पाय लांब केला. "मी थांबतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आग्रहही नव्हता. मला मात्र परत जावंसं वाटत होतं.

एवढ्यात बाळासाहेबांच्या पत्नी आतून आल्या. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. मला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच काय हुईल का वो?" मी आप्पांच्या हाताबद्दल सांगितलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि लिमकरांना म्हणाल्या, "दादा, न खोलता दाखवता येतंय का?"

लिमकर उठले. "येतं. तुम्ही पुढच्या सीटवर बसा. काटा कुठे आहे ते फक्त मोठ्याने सांगा."

इंजिन चालू केलं. पंधरा-वीस मिनिटं तसंच चालू ठेवलं, बॉनेटवरून गरम हवा थरथरताना दिसू लागली. बाई स्टिअरिंगमागे पदर सावरून बसल्या होत्या. "मधीच हाय," त्या म्हणाल्या. लिमकरांनी एक हातभर वायर घेतली, एक टोक सेंडरच्या पितळी अंगाला टेकवलं, दुसरं गाडीच्या सांगाड्याला.

"चढला," बाई म्हणाल्या.

त्यांनी वायर उचलली.

"पडला."

पुन्हा टेकवली. "चढला. पार वर." मग बाई जरा थांबल्या. "म्हंजी ह्यो इतका येळ थंड म्हनत हुता, अन् आत हितपर्यंत तापलंय?"

"हो," लिमकर म्हणाले.

त्या गाडीतून उतरल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगी बसनार हाय ह्यात." बाळासाहेबांनी स्वतः माळा सोडायला सुरुवात केली.

इंजिन निवल्यावर लिमकरांनी सेंडर काढला, टेप खरवडून टाकली, तांब्याची वायसर घालून परत बसवला आणि वर एक जाड वायर सेंडरच्या अंगापासून सांगाड्यापर्यंत कायमची आवळली. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. हात धुताना बाळासाहेब लिमकरांना म्हणाले, "इतकी वर्सं झाली, आपली चूक घिऊन दारात आलेला मिस्त्री म्या पयलाच बघितला."

"मीही पहिल्यांदाच आलो," लिमकर म्हणाले.

येताना वाटेत त्यांनी वहीतल्या सातव्या नंबरावर रेघ मारली. शर्टाला पिठल्याचा डाग पडला होता, तो त्यांनी पाहिला आणि तसाच राहू दिला.

आप्पांचा हात बरा झाला, पण दोन बोटं पुरती मिटेनात. स्टिअरिंगवर पकड बसत नसे. त्यांनी गाडी चालवणं सोडलं. याबद्दल त्यांनी लिमकरांना कधी एका शब्दाने सुनावलं नाही, आणि लिमकरांनीही पुन्हा माफीची भाषा केली नाही. मात्र दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला ते आमच्याकडे येत. गाडी चालू करत. आप्पा शेजारी बसत. गाडी जागची हलत नसे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची: पार्किंगमध्ये दोघं पुढे तोंड करून बसलेले, इंजिन चालू. बोलत असतील-नसतील. अर्ध्या तासाने इंजिन बंद करून वर येत. आप्पा सांगत, "आज ब्याऐंशीवर स्थिर." लिमकर मान डोलवत. असं पाच वर्षं चाललं. आप्पा गेले त्या महिन्यातही पहिल्या रविवारी लिमकर आले. एकटेच खाली गाडीत अर्धा तास बसले आणि वर न येता गेले.

गाडी पुढे एका संग्राहकाने नेली. तोपर्यंत लिमकरांचा गाळाही जायच्या बेतात होता. नव्या गाड्या कॉम्प्युटरला जोडून तपासायच्या झाल्या होत्या. मुलगी म्हणत होती, बाबा, ते यंत्र घ्या, शिकवते मी. त्यांनी घेतलं नाही. माझ्या नव्या गाडीत उष्णतेचा काटाच नाही, नुसता दिवा आहे, हे कळल्यावर ते बराच वेळ डॅशबोर्डकडे बघत राहिले होते. "काटा सांगतो काय चाललंय," ते म्हणाले. "दिवा सांगतो काय झालं." पुढे त्या जागेवर मोठी इमारत उठली आणि लिमकर मुलीकडे राहायला गेले. फोन दोन-तीनदा झाला, मग तोही राहिला.

शेवटचे दिसले ते गंगाधामच्या चौकात, सिग्नलला. मी ऑफिसला निघाले होते. दोन गाड्या पुढे स्कूटर होती, मुलगी चालवत होती आणि लिमकर मागे बसले होते. खूप वाळले होते. मांडीवर पिशवी, पिशवीतून मेथीच्या जुड्या बाहेर आलेल्या. शेजारी विटांचा ट्रक उभा होता, इंजिन धडधडत होतं. लिमकरांनी मान तिरकी करून ऐकलं, मग ट्रकच्या दाराचा पत्रा दोन बोटांनी वाजवला. ड्रायव्हर खाली वाकला. लिमकर त्याला काहीतरी सांगत होते, हाताने गोल फिरणारं काहीतरी दाखवत होते. मुलगी मागे वळून हसली. सिग्नल सुटला. मागून सगळ्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, आणि स्कूटर पुढे गेली.

ट्रक गेला नाही. त्याने इंडिकेटर लावला, हळूहळू कडेला आला, थांबला आणि ड्रायव्हर खाली उतरून बॉनेट उघडू लागला.